दुपारी एक ते चार

गेल्या एप्रिलमधली गोष्ट आहे, तेव्हापासून डोक्यात बसलीये ती जात नाही म्हणून शेवटी लिहायला घेतलं. दुपारी अडीचच्या सुमाराला एका अनोळखी नंबरवरून फोन आला, मी कॉलवर होते म्हणून दोनदा कट केला, तिसऱ्यांदा उचलला तर पलीकडून शहाळेवाला. बाबांच्या खिशातल्या छोट्या डायरीतून त्याने माझा नंबर काढला होता. "ताई, तुमचे वडील इथे बसलेत, जरा चक्कर आलीये, पाणी दिलंय, पण तुम्ही या." मी आहे त्या गाऊनवर ओढणी टाकून धावले. आमच्या घरापासून सात-आठ मिनिटांवर एक बाग आहे, तिच्या गेटला कुलूप, आणि शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर बाबा बसलेले, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, हातात अर्धं शहाळं. मला बघून म्हणाले, "काय नाय गं बाय, ऊन लागलं जरा. चारला उघडतंय."

चारला उघडतंय! म्हणजे हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस एक वाजता शिट्टी वाजवून बागेतून बाहेर काढल्यावर चार वाजेपर्यंत रस्त्यावर बसून बाग उघडायची वाट बघत होता, आणि ते त्या एका दिवशी नाही, गेले दोन महिने रोज. मला पत्ता नाही. मी समजत होते बाबा झाडाखाली मस्त बसलेले असतील.

आता कोणी म्हणेल घर आहे ना, मग दुपारी घरी का नाही बसले. सांगते. बाबा आयुष्यभर मुंबईत नायगावच्या बीडीडी चाळीत, म्हणजे ब्रिटिश काळात सरकारने बांधलेल्या एका खोलीच्या घरांच्या चाळीत राहिले, मीही तिथेच वाढले. चाळींच्या पुनर्विकासाचं काम सुरू झालं तसे ते माझ्याकडे आले, नवीन घर मिळेपर्यंत. आमचं वन बीएचके. मुलगा बारावीला, त्याचा अभ्यास आणि ऑनलाइन क्लास, नवऱ्याची रात्रपाळी त्यामुळे तो दिवसा बेडरूममध्ये झोपलेला, आणि मी हॉलमध्ये लॅपटॉप मांडून दिवसभर कॉलवर. बाबांना कोणी काही बोललं नाही, कधीच नाही, पण त्यांनी बेस्टमध्ये कंडक्टर म्हणून उभी हयात काढलीये, गाडीत कुठे जागा आहे आणि कुठे नाही हे त्यांना न सांगता कळतं. ते बारा वाजता जेवायचे, ताट घासून ठेवायचे आणि "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून निघायचे. मला वाटायचं किती ॲक्टिव्ह आहेत या वयात.

त्या दिवसानंतर मी या शहरातल्या बसायच्या जागांकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागले. आणि लक्षात आलं की आपण बाग म्हटलं की सकाळचा वॉक नाहीतर संध्याकाळचा मुलांचा झोका असं धरून चालतो, दुपारचा विचारच कोणी करत नाही. पण दुपारीच तर खरी गरज असते ना!

चाळीतल्या खोलीचं सांगते. एकशे साठ चौरस फूट. आजी, आई-बाबा, आम्ही तीन भावंडं आणि शिकायला आलेला चुलतभाऊ, असे सात जण. हिशोब केला तर माणशी तेवीस चौरस फूट आले, त्यात कपाट, पलंग, मोरी आणि स्टोव्ह. म्हणजे घर हे मुळात रात्री पाठ टेकायला आणि जेवायला, बाकी सगळं आयुष्य बाहेरच. गॅलरीत, जिन्यात, गच्चीवर, आणि तिथेही जागा नसेल तर पाच उद्यानात, म्हणजे दादर-माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्समध्ये. माझी दहावी पाच उद्यानात झाली असं मी म्हटलं तर ते अगदी खरं आहे. शाळा सुटली की घरी दप्तर टाकायचं, चहा-चपाती खायची, पुस्तक आणि गोणपाटाचा तुकडा घेऊन पाच उद्यानाकडे चालायला लागायचं. रेन ट्रीखाली ठरलेली जागा. ही झाडं मूळची अमेरिका खंडातली, पण मुंबईत इतकी रुजली की मला लहानपणी ती आपल्या कोकणातलीच वाटायची. त्यांची पानं संध्याकाळी मिटतात हे तुम्ही कधी बघितलंय का? पानं मिटली की आम्ही समजायचो आता उजेड संपला, चला घरी. दहा-बारा वर्षांपूर्वी पिठ्या ढेकूण या किडीने शहरातली ही झाडं धडाधड वाळायला लागली तेव्हा मला घरातलं माणूस आजारी पडल्यासारखं झालं होतं. आमच्या वरळीच्या चाळीतल्या नातेवाइकांकडे पाच उद्यान नव्हतं, पण तिथल्या मुलांना अभ्यास गल्ली होती, रस्त्याच्या दिव्याखाली रात्रभर बसून वाचायचं, त्या गल्लीत किती पिढ्यांनी परीक्षा काढल्या त्याला गणती नाही.

पाच उद्यान तिथे का आहे याची गोष्ट मला खूप उशिरा कळली. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, दाटीवाटीच्या खोल्यांमधून माणसं किड्यामुंगीसारखी गेली, आणि मग सरकारला जाग आली की या शहराला हवा आणि उजेड पाहिजे. १८९८ ला बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला आणि त्याने दादर-माटुंग्याचा भाग आखला, रुंद रस्ते, मर्यादित उंचीच्या इमारती, मध्ये मोकळ्या जागा. तिथली पारशी कॉलनी मंचेरजी जोशींनी उभी केली, ते या ट्रस्टमध्येच इंजिनिअर होते, पाच उद्यानाला आज त्यांचंच नाव आहे. म्हणजे ज्या बागेत मी गोणपाट टाकून भूमिती केली ती बाग एका साथीतून शिकलेला धडा होती. चैन म्हणून नव्हती, औषध म्हणून होती. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आता बागेबद्दल बोललं की "सुशोभीकरण" हा शब्द येतो, लाइटिंग, कारंजी, सेल्फी पॉइंट, आणि बसायचे बाक मात्र दोन कमीच होतात.

मुंबईत दर माणशी मोकळी जागा जेमतेम एक-सव्वा चौरस मीटर येते असं नियोजनातली माणसं वर्षानुवर्षं सांगतायत. मी मोजपट्टीने घरातली चटई मोजली, एका माणसाने झोपायची साधी चटई, ती दीड चौरस मीटरहून जास्त भरली. म्हणजे शहराने आपल्याला मोकळ्या आकाशाखाली एक चटईसुद्धा पूर्ण दिलेली नाही, आणि जी अर्धीमुर्धी दिलीये तीही दुपारी गुंडाळून ठेवतात.

बंद का ठेवतात हे मी विचारलं. वॉचमनने सांगितलं साफसफाई, झाडांना पाणी, माळ्यांचं जेवण. मग थोडं थांबून म्हणाला, "मॅडम, दुपारी पोरंपोरी येऊन बसतात, लोक तक्रार करतात." ही खरी गोष्ट. माझं स्पष्ट मत आहे, बसू देत. ज्या शहरात लग्न झालेल्या जोडप्यालासुद्धा घरात चार शब्द बोलायला जागा नाही तिथे ती पोरं जाणार कुठे? माझ्या आईबाबांनी लग्नानंतर पहिली दोन वर्षं गप्पा मारल्या त्या सगळ्या शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, हे आईने मला ती गेली त्याच्या आदल्या वर्षी सांगितलं. नायगावहून चालत यायचे, एक पुडी चणे, कट्ट्यावर बसायचे, दहाला परत. खोलीत तेव्हा आजी, दोन काका, आत्या होते.

शिवाजी पार्कला मी म्हणूनच मानते. १९२५ ला पालिकेने ते लोकांसाठी खुलं केलं, तेव्हा त्याला माहीम पार्क म्हणायचे, १९२७ ला नगरसेविका अवंतिकाबाई गोखल्यांच्या आग्रहाने शिवरायांचं नाव दिलं. त्याला आता शंभर वर्षं झाली. तिथे क्रिकेट आहे, सभा झाल्या, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तिथे गाजली, सगळं आहे, पण माझ्या लेखी त्याची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तो कट्टा. मैदानाभोवती फिरणारा, एक किलोमीटरहून थोडा जास्त लांब, माणसाच्या बसायच्या उंचीचा. त्याला कुलूप लावायची सोयच नाही! कोणीही, कधीही, कितीही वेळ बसा, वरून झाडांची सावली, समोर कुणाचीतरी नेट प्रॅक्टिस चालू. मरीन ड्राइव्हचा कठडा तसाच. रात्री दोनला जा, पहाटे चारला जा, कोणीतरी बसलेलं असतंच, आणि समुद्र फुकट. दुपारी मात्र तिथे तव्यावर बसल्यासारखं होतं हे खरं.

बाबांना मग मी सुट्टी बघून बघून एकेका जागी घेऊन जायला लागले, दुपारी निवांत बसता येईल अशी जागा शोधायला. हा आमचा जवळजवळ वर्षभराचा कार्यक्रम झाला.

राणीची बाग आधी. तिथे तर जावंच लागलं, कारण चाळीतल्या प्रत्येक मुलाची मे महिन्याची सुट्टी राणीच्या बागेतच होते. बाग १८६२ ला सुरू झाली. आता नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, २०१६ ला पेंग्विन आले आणि तेव्हापासून सगळी गर्दी काचेसमोर. आम्ही मात्र झाडं बघत फिरलो. भायखळ्यासारख्या भागात, बाहेर ट्रक आणि हॉर्न, आणि आत गोरखचिंचेचे ते अवाढव्य बुंधे, कैलासपती, आणि फुलण्याच्या दिवसांत गेलात तर उर्वशीचे लाल झुबके. एवढी जुनी सावली मुंबईत दुसरीकडे क्वचितच मिळेल. दुपारी बंद नसते, बुधवारी बंद असते. पण तिकीट आहे, आणि आमच्या घरून दीड तास, रोज कसं जाणार.

माहीम-धारावीच्या मधे महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, तिथे किती मुंबईकर गेलेत मला शंका आहे. सदतीस एकर, आणि ही सगळी जागा आधी कचऱ्याचं डम्पिंग होती. १९८३ पासून तिथे माती टाकून झाडं लावायला सुरुवात झाली, १९९४ ला लोकांसाठी उघडलं. आज आत शिरलं की पाचव्या मिनिटाला शीव-वांद्रे लिंक रोडचा आवाज मागे पडतो, फुलपाखरं, पक्षी, पलीकडे मिठी नदी आणि खाडीची तिवरं. बाबा बराच वेळ एका झाडाच्या बुंध्याला हात लावून उभे होते. मग म्हणाले, "इथून गाडी जायची तेव्हा आम्ही नाक दाबायचो." एवढंच. पण मला त्या वाक्याने धीर आला, की हे शहर ठरवलं तर कचऱ्यावर जंगल उभं करू शकतं.

हँगिंग गार्डन आणि म्हातारीचा बूट झाला, मलबार हिलची नवीन लाकडी पायवाट पण झाली, २०२५ च्या पाडव्याला सुरू झाली ती, ४८५ मीटर, झाडांच्या शेंड्यांमधून चालायचं, ऑनलाइन बुकिंग करून वेळेचा स्लॉट घ्यायचा. छान आहे, खरंच छान आहे, पण ती बघायची जागा आहे, बसायची नाही. कोस्टल रोडच्या कडेचा नवीन लांबलचक फिरायचा रस्ताही संध्याकाळी फार सुंदर, तिथली झाडं अजून लहान आहेत, दहा वर्षांनी दुपारी सावली देतील.

सगळ्यात जास्त रमलो ते कान्हेरीला. बोरिवलीचं नॅशनल पार्क एकशे चार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, सोमवारी बंद असतं, आत बसने वरपर्यंत जाता येतं त्यामुळे बाबांना चढाव लागला नाही. शंभराहून जास्त लेणी आहेत, इसवी सनाच्या आधीपासून जवळजवळ हजार वर्षं तिथे माणसं राहत होती. मी आधी दोनदा गेले होते पण मोठं चैत्यगृह बघून परत. या वेळी बाबा दमले म्हणून एका छोट्या लेण्याच्या बाहेर बसलो आणि मग कळलं आपण कशावर बसलोय, तो दगडातच कोरलेला ओटा होता. आणि मग बघते तर कितीतरी लेण्यांना असा ओटा आहे, दाराशी, बरोबर सावलीत, समोर दरी. शेजारी पाण्याचं टाकं, शिलालेखांमध्ये या टाक्याला पोढी म्हटलंय. म्हणजे ज्यांनी हा डोंगर छिन्नीने फोडला त्यांनी, एवढ्या मेहनतीत, माणसाला दुपारी बसायला ओटा आणि प्यायला पाणी लागणार हा विचार केला होता. बाबा त्या ओट्यावर चक्क आडवे झाले. चाळीस मिनिटं झोपले. कोणी शिट्टी वाजवली नाही. मी बाजूला बसून खाली तुळशी तलावाकडचं जंगल बघत राहिले आणि मला एकदम रडूच आलं, कशाने ते नीट सांगता येणार नाही.

आडवं होण्यावरून आठवलं, हे मला बायकांसाठी लिहायचंच आहे. आझाद मैदानात, ओव्हलवर, कुठल्याही बागेत दुपारी बघा, पुरुष गवतावर झोपलेले असतात, तोंडावर पेपर, चपला उशाला. मला त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही, दमलेली माणसं आहेत. पण तुम्ही एक तरी बाई अशी झोपलेली बघितलीये का? बाई बसते. पर्स मांडीवर घेऊन, पाय जुळवून, कोणाची तरी वाट बघतेय असं दाखवत बसते. मी पंचेचाळीस वर्षांची होईपर्यंत या शहरात उघड्या आभाळाखाली कधी आडवी झाले नव्हते. गच्चीवरसुद्धा नाही, तिथे पुरुष झोपायचे.

ते आडवं होणं झालं पोहायच्या तलावात. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी पोहायला सांगितलं म्हणून मी महापालिकेच्या तलावात नाव घातलं, दादर, चेंबूर, अंधेरी, कांदिवली, मुलुंड, दहिसर असे पालिकेचे तलाव आहेत आणि त्यांत बायकांची वेगळी बॅच असते हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. फॉर्म, फोटो, डॉक्टरचं सर्टिफिकेट, नायलॉनचा कॉश्च्यूम, टोपी. पहिल्या दिवशी लाजेने मेल्यासारखं झालं. मग आत बघते तर सगळ्या माझ्यासारख्याच, कुणी आजी, कुणी नुकती बाळंतपणातून उठलेली, कुणाचं सिझेरियनचं टाक्यांचं दुखणं, कुणाला आयुष्यात पहिल्यांदा गुडघ्याच्या वर येणारे कपडे घालायला मिळालेत. संगमेश्वरच्या एक मावशी होत्या, त्या लहानपणी पाठीला भोपळा बांधून विहिरीत शिकलेल्या, चाळीस वर्षांनी परत पाण्यात उतरल्या आणि सरळ पलीकडच्या काठाला जाऊन लागल्या, सगळ्या बॅचने टाळ्या वाजवल्या.

(नवीन जाणाऱ्यांना एक सांगते, पाण्यात उतरायच्या आधी नीट अंघोळ करा. तलावाचा तो डोळे चुरचुरवणारा उग्र वास नुसत्या क्लोरीनचा नसतो, आपला घाम वगैरे क्लोरीनला मिळून जे तयार होतं त्याचा असतो. सगळ्या जणी साबण लावून अंघोळ करून आल्या तर पाणी खरंच वेगळं लागतं.)

मला तीन आठवडे लागले पाठीवर तरंगायला. कोच बाई रोज सांगायच्या, "मान सोडा, मान सोडा, तुम्ही मान धरून ठेवताय." मी म्हणायचे सोडलीये. सोडलेली नसायची. मग एक दिवस सुटली. कान पाण्याखाली गेले आणि सगळा आवाज बंद, ट्रॅफिक बंद, बायकांची बडबड बंद, फक्त स्वतःचा श्वास, आणि वर आभाळ, त्यात एक घार गोल गोल फिरत होती. दुपारचे तीन वाजले होते. मी तशीच पडून राहिले. कोणी बघत नव्हतं, कोणी उठवत नव्हतं, पर्स सांभाळायची नव्हती. घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग आता कळलं ना, झाडाखाली पडल्यावर कसं वाटतं."

पण या तलावाची फी भरणं सगळ्यांना जमत नाही हेही मला माहितेय. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना मी म्हटलं चला, तर त्या हसल्या. त्यांची दुपार कशी जाते ते मी पहिल्यांदा तेव्हा विचारलं, लाज वाटते सांगायला, सहा वर्षं त्या आमच्याकडे येतायत. सकाळची चार घरं साडेबाराला संपतात, संध्याकाळची चारला सुरू. घरी जाऊन यायचं तर ट्रेन आणि रिक्षाला जाऊन-येऊन दोन तास. मग त्या एका बिल्डिंगच्या मीटररूमच्या बाहेर जिन्यात डबा खाऊन बसतात. "बाग होती ना," म्हणाल्या, "पण दुपारची बंद असती."

मग मी एक आठवडा लंच ब्रेकमध्ये बाबांबरोबर त्या बागेच्या गेटबाहेर जाऊन बसले. कोण कोण असतं बघायला. रात्रपाळी केलेले दोन सिक्युरिटी गार्ड, त्यांच्या खोलीत सहा जण पाळीपाळीने झोपतात आणि त्यांची पाळी संध्याकाळी. डिलिव्हरीची मुलं, बाइकवर बसूनच जेवणारी. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी एक मुलगी, लायब्ररीत सीट मिळाली नाही की इथे येते. एक आजोबा, सुनेच्या कामाच्या वेळेला बाहेर असतात, बाबांसारखेच. शेजारच्या नर्सिंग होममध्ये पेशंटबरोबर आलेली माणसं, व्हिजिटिंग अवर नसला की त्यांनाही बाहेर काढतात. आणि काम करणाऱ्या बायका, सात-आठ. हे सगळे कुलपाच्या बाहेर, फुटपाथवर, ट्रकच्या सावलीत, ट्रक हलला की हलायचे. आणि कुलपाच्या आत बावीस बाक रिकामे, मी मोजले, आणि वर बहावा असा फुललेला, पिवळा धमक, त्याच्याखाली पाकळ्यांचा सडा, बघायला कोणी नाही.

बाग बंद ठेवून कोणाचं काय वाचतं? साफसफाई पहाटे होऊ शकते, पाणी सकाळी लवकर घातलेलंच झाडांना चांगलं, माळी आळीपाळीने जेवू शकतात. एवढंच तर मागायचंय, नवीन काही बांधू नका, कारंजं नको, फक्त कुलूप लावू नका.

तर अर्ज लिहिला. मी लॅपटॉपवर टाइप करणार होते पण बाबा म्हणाले हाताने लिहू, त्यांचं अक्षर अजून ठसठशीत आहे. विषय: उद्यान दुपारी १ ते ४ या वेळेत नागरिकांसाठी खुले ठेवण्याबाबत. खाली सह्या घेतल्या, गेटबाहेरच, आठवडाभरात एक्केचाळीस झाल्या. काम करणाऱ्या ताईंपैकी दोघींनी अंगठा दिला, शाईचं पॅड शहाळेवाल्याने कुठून तरी पैदा केलं. नावापुढे व्यवसाय आणि पत्ता लिहायचे रकाने मी आखले होते. बाबांनी व्यवसायात लिहिलं "बेस्ट, निवृत्त" आणि पत्त्यात सवयीने नायगावच्या चाळीचा आणि खोलीचा नंबर लिहून मोकळे झाले. मी म्हटलं बाबा, ती खोली आता नाही. त्यांनी बघितलं, पण खोडलं नाही, शेजारी छोट्या अक्षरात आमचा पत्ता लिहिला. राहू दे म्हटलं तसंच.

सोमवारी अकराला वॉर्ड ऑफिसला जाणार आहे, दोन प्रती घेऊन, एकीवर पोच घ्यायची. सुट्टी टाकलीये. तुमच्या भागातली बाग दुपारी उघडी असेल तर मला कळवा, मला अर्जाला जोडायला उदाहरणं हवीयेत, गेटवरच्या वेळेच्या पाटीचा फोटो पाठवलात तर फारच बरं. शहाळेवाल्याने परवापासून त्याच्या निळ्या ताडपत्रीखाली दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणून ठेवल्यात, एक बाबांची, दुसरीवर आळीपाळीने कोणी ना कोणी बसतं.